ऑपरेशन त्याचं, प्रश्न आपला

वस्तीतल्या बैठकीत एखादीला 'ऑपरेशन झालं का?' असं विचारलं, तर ती 'कुणाचं?' असं कधी विचारत नाही. ऑपरेशन म्हणजे बाईचं. आशाताईंच्या वहीत, दवाखान्यातल्या केसपेपरवर, सासूच्या तोंडी हे इतकं गृहीत धरलेलं आहे की पुरुषाच्या ऑपरेशनचं वेगळं नाव घ्यावं लागतं: पुरुष नसबंदी. ते नाव निघालं की बायका पदर तोंडाला लावून हसतात, दारात उभे असलेले पुरुष तंबाखू मळत बाहेर जातात आणि विषय तिथेच संपतो.

हा विषय मी या वेळी मुद्दाम घेते आहे. त्याचं कारण आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या तिघी जणी. त्यांची नावं-गावं देत नाही.

पहिली सव्वीस वर्षांची. दोन मुलं, दोन्ही सिझेरियन, अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी सध्या ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. 'मग नवऱ्याचं करून घ्या,' असं सिस्टर म्हणाल्या, तर सासू म्हणाली, 'माझ्या पोराला जड काम करावं लागतं.' सून रोज वीटभट्टीवर विटा वाहते.

दुसरीच्या नवऱ्याने स्वतःहून नसबंदी करून घेतली म्हणून गल्लीत त्याचं कौतुक झालं होतं. दोन महिन्यांनी तिला दिवस गेले. आता तो विचारतो आहे, 'हे कुणाचं?'

तिसरी बिजवराला दिलेली. त्याची पहिली बायको वारली, दोन मुलं आहेत, नसबंदी बारा वर्षांपूर्वीची. लग्न ठरताना 'नस परत जोडून घेऊ' असं तिच्या घरच्यांना सांगितलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. उपासतापास, अंगारेधुपारे, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, सगळं तिचं झालं. त्याची तपासणी एकदाही झाली नाही. आता तिला वांझ म्हणतात.

तिघींचंही दुखणं एका पुरुषाच्या ऑपरेशनशी जोडलेलं आहे. एकाने ते केलं नाही, एकाने अर्धवट माहितीवर केलं आणि एकाने ते हवं तेव्हा उलटवता येतं असं धरून चालला. म्हणून पुरुष नसबंदी हा पुरुषांनी पुरुषांत बोलायचा विषय आहे, आपलं त्यात काही नाही, असं मला वाटत नाही. तो बायकांच्या चळवळीचा विषय आहे आणि त्यावर आपण फार वर्षं गप्प आहोत.

आधी आकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झाली अशा स्त्रिया ०.३ टक्के. म्हणजे शंभर बायकांमागे एकही पुरुष नाही. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे. पहिली अशी पाहणी १९९२-९३ मध्ये झाली तेव्हा पुरुषांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं. तेव्हाही ते थोडंच होतं, आणि तीस वर्षांत ते वाढायच्या ऐवजी नाहीसं व्हायच्या बेतात आलं. याच पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी असं मत दिलं, की गर्भनिरोधन हे बाईचं काम आहे, पुरुषाने त्याची काळजी करायचं कारण नाही.

पण हे पहिल्यापासून असं नव्हतं, हे विसरून चालणार नाही. भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढची वीसेक वर्षं देशात नसबंदीची जास्त ऑपरेशनं पुरुषांचीच होत. केरळात एर्नाकुलमला जुलै १९७१ च्या एका शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. त्यासाठी पैसे आणि वस्तूंची आमिषं होती आणि सरकारी यंत्रणा कामाला लावली होती, हे खरं. तरीही 'आपला पुरुष तयारच होत नाही, त्याचा स्वभावच तसा' हे विधान त्या आकड्यापुढे टिकत नाही.

मग आणीबाणी आली. ती माझ्या जन्माआधीची, पण गावोगावची म्हातारी माणसं अजून तिची आठवण काढतात. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. शिक्षकांचे पगार अडवले, रेशन अडवलं, पोलीस पाठवून माणसं उचलली. हरियाणातल्या उटावर गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना नेलं. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. नंतर नेमलेल्या शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची आणि अविवाहितांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारींची नोंद आली. यात भरडले गेले ते गरीब, दलित, मुसलमान, फुटपाथवर झोपणारे.

१९७७ च्या निवडणुकीत लोकांनी सरकार पाडलं. १९७७-७८ मध्ये पुरुषांच्या शस्त्रक्रियांचा आकडा दोन लाखांच्या आत आला. पुरुष 'नाही' म्हणाले आणि त्यांचं 'नाही' दिल्लीपर्यंत ऐकू गेलं. सरकारने 'कुटुंबनियोजन' हे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' केलं. लक्ष्यांक मात्र संपले नाहीत. ते पुरुषांकडून उचलून बायकांवर ठेवले गेले. बाईचं 'नाही' कुणी मोजत नाही, तिला मतपेटीतून सरकार पाडता येईल अशी भीती कुणाला वाटत नाही, बाळंतपणासाठी तर ती आपल्या पायांनी दवाखान्यात येतेच. असा तो सोपा हिशेब होता.

त्या हिशेबाचे बळीही आपण पाहिले. बिहारमध्ये अररिया जिल्ह्यात ७ जानेवारी २०१२ ला एका शाळेत रात्री दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं झाली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ ८ नोव्हेंबर २०१४ ला एका बंद पडलेल्या दवाखान्यात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर तेरा जणी गेल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ ला निकाल दिला आणि अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

आणीबाणीच्या त्या जखमेमुळे आपल्या चळवळीतही एक संकोच राहिला आहे. डेपो-प्रोव्हेरा आणि नेट-एन इंजेक्शनांविरुद्ध ऐंशीच्या दशकात स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, कोर्टात गेल्या. बाईच्या शरीरावर होणाऱ्या प्रयोगांविरुद्ध आपण बोललो. पण 'मग पुरुषाने काय करायचं?' हा प्रश्न आला की आपला आवाज खाली येतो. नसबंदीचा आग्रह धरला तर आपण सरकारच्या बाजूचे ठरू, अशी भीती वाटते. ती भीती खोटी नाही. सक्तीला विरोध करायचा आणि माहितीही द्यायची, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता आली पाहिजेत. नाहीतर आपल्या गप्प बसण्याचा फायदा पुरुषाला मिळतो आणि ओझं बाईवर राहतं.

तेव्हा माहितीपासून सुरुवात करू. बैठकीत सांगता येईल अशा शब्दांत.

पुरुषाच्या वृषणात शुक्रजंतू तयार होतात. तिथून ते दोन बारीक नळ्यांतून, म्हणजे शुक्रवाहिन्यांतून, वर येतात आणि वीर्यात मिसळतात. नसबंदीत या दोन नळ्या कापून बांधतात, एवढंच. वृषणाला हात लावत नाहीत, लिंगाला लावत नाहीत. शुक्रजंतू शरीरात तयार होत राहतात आणि शरीरातच जिरतात. पुरुषपण देणारं संप्रेरक रक्तातून जातं, त्याचा या नळ्यांशी संबंध नाही. म्हणून दाढी-मिशा, आवाज, ताकद, इच्छा, ताठरता यांत फरक पडत नाही. वीर्यही पहिल्याइतकंच येतं, कारण वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा शंभरात दोन ते पाच भागच असतो.

'बिनटाक्याची' म्हणतात ती पद्धत चीनमध्ये डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये शोधली आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडे आली. तेवढ्या जागेपुरती भूल देतात. वृषणाच्या पिशवीच्या कातडीला एक बारीक छिद्र पाडून त्यातून नळ्या बाहेर घेतात, कापून बांधतात, परत आत सोडतात. काम पंधरा-वीस मिनिटांचं, टाका नाही, माणूस थोड्या वेळाने चालत घरी जातो. दोन दिवस विश्रांती घ्यायची, आठवडाभर जड उचलायचं नाही, सायकल चालवायची नाही. काहींना सूज येते, रक्त साकळतं, जंतुसंसर्ग होतो. शंभरात एक-दोघांचं दुखणं लांबतं. हेही सांगितलंच पाहिजे. 'काही होत नाही हो' असं म्हणून लोटणं हीसुद्धा एक फसवणूकच आहे.

आता बाईचं ऑपरेशन आठवा. तिच्या नळ्या पोटाच्या आत आहेत. तिथे पोचायला पोट उघडावं लागतं, नाहीतर दुर्बिणीसाठी पोटात हवा भरावी लागते. भूल जास्त, धोका जास्त. आतडं किंवा मूत्राशय दुखावण्याची शक्यता असते. ते ऑपरेशन बहुतेक वेळा बाळंतपणाच्या पाठोपाठ, पंचविशीच्या आसपास होतं, आणि आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांतल्या ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. ज्याचं ऑपरेशन वरवरचं आणि सोपं, त्याचं क्वचित होतं आणि जिचं पोटातलं आणि जोखमीचं, तिचं सर्रास होतं. कुठलंही वैद्यकशास्त्र असा सल्ला देत नाही. हा निर्णय घराने घेतलेला असतो.

घर काय म्हणतं, ते आपण रोज ऐकतो. 'त्याला कमजोरी येईल.' 'कमावता माणूस आहे.' वीटभट्टीवरची बाई, ऊस तोडणारी बाई, चार घरची धुणीभांडी करणारी बाई कमावती नाही का? पण हे बोलणारी बहुतेक वेळा बाईच असते, आई किंवा बायको. 'त्यांना नको, माझंच करा,' असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत. त्यांना दटावून उपयोग नाही. नवरा घरी बसला तर चूल कशी पेटणार, तो पुढे दारू पिऊन 'तुझ्यामुळे मी असा झालो' म्हणाला तर काय करायचं, हे तिचे हिशेब आहेत. ती भोळी नाही. तिच्या हातात खरी माहिती पडली तर हिशेब बदलू शकतो.

एक वाक्य मात्र पुरुषांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे आणि ते आपण नीट ऐकायला हवं. 'उद्या हिचं काही बरंवाईट झालं तर?' म्हणजे ही गेली तर दुसरी करावी लागेल आणि तिला मूल हवं असेल, तेव्हा माझी सोय राहू द्या. बाईच्या बाबतीत हा विचार कुणी करत नाही. नवरा गेला तर ती दुसरं लग्न करील, तिला पुन्हा मूल हवंसं वाटेल, म्हणून तिचं ऑपरेशन नको, असं म्हणणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. त्याची जननक्षमता त्याच्या सगळ्या आयुष्यासाठी आणि तिची फक्त या एका घरासाठी.

आता दुसरीची गोष्ट, कारण असा प्रसंग तुमच्यापैकी कुणावरही येऊ शकतो. नसबंदी झाल्याबरोबर पुरुष निर्बीज होत नाही. नळीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. ते निघून जायला वेळ लागतो. म्हणून ऑपरेशननंतर तीन महिने निरोध किंवा दुसरं साधन वापरायचं असतं आणि तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून त्यात शुक्रजंतू नाहीत याची खात्री करायची असते. प्रमाणपत्रही त्यानंतरच द्यायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? घाईघाईत कागदावर अंगठा घेतात, निरोधाची पाकिटं हातात कोंबतात आणि तपासणीला तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून तो जात नाही. त्याने ऑपरेशन केलं म्हणून घरच्यांना वाटतं, काम झालं.

मग बाईला दिवस राहतात आणि संशयाची सुई तिच्याकडे वळते. आमच्या केंद्रात आलेल्या त्या बाईला नवऱ्याने चुलीतल्या लाकडाने मारलं होतं. ऑपरेशनची तारीख आणि तिची शेवटची पाळी यांचा हिशेब कागदावर मांडून त्याला समजावलं. वीर्य तपासणी करून घेतली, त्यात शुक्रजंतू होतेच. तो कागद पाहून त्याने मान खाली घातली. पण झालेला मार परत घेता येत नाही. ज्या गावात असा हिशेब मांडायला कुणी नाही, तिथे अशा बाईचं काय होत असेल?

म्हणून तीन गोष्टी पाठ करून ठेवा. एक, तीन महिने आणि तपासणी, त्याशिवाय नसबंदी पुरी झाली असं मानायचं नाही. दोन, सगळं नीट करूनही फार थोड्यांच्या बाबतीत, पुष्कळ उशिरासुद्धा, नळी आपोआप जुळू शकते. ते शरीराचं काम आहे, बाईचं चारित्र्य नाही. अशा वेळी पहिली तपासणी त्याची झाली पाहिजे. तीन, साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ कायद्यातल्या मुदतीत पाडून घेण्याचा अधिकार १९७१ च्या गर्भपात कायद्याने दिला आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो फक्त विवाहितेपुरता ठेवलेला नाही. नसबंदी अयशस्वी झाल्यास सरकारकडून नुकसानभरपाईची तरतूदही आहे. तिला मुदत असते, म्हणून कागद सांभाळा आणि दिवस दवडू नका. आणखी एक: नसबंदीने एचआयव्ही किंवा गुप्तरोग टळत नाहीत. नवरा कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर राहत असेल, तर निरोधाची गरज संपत नाही.

आता राहिली तिसरी, आणि 'नस परत जोडता येते' हे वाक्य.

हे वाक्य खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. कापलेल्या नळीची टोकं शोधून ती पुन्हा शिवता येतात. नळीच्या आतलं छिद्र मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं, आणि टाके केसाहून बारीक दोऱ्याचे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन तास चालणारं हे काम आहे. ते करणारा सरावाचा सर्जन हवा आणि साधनं हवीत. म्हणजे कापायचं काम तालुक्याला पंधरा मिनिटांत फुकट होतं आणि जोडायचं काम मोठ्या शहरात, खर्चाचं. ते केलं तरी मूल होईलच असं नाही.

अमेरिकेत मोठ्या रुग्णालयांत झालेल्या अशा शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडलेल्यांपैकी ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू पुन्हा दिसले, पण दिवस राहिले ते ७६ टक्के जोडप्यांत. तीन ते आठ वर्षांनी जोडलं तर हे आकडे ८८ आणि ५३. नऊ ते चौदा वर्षांनी ७९ आणि ४४. पंधरा वर्षं किंवा जास्त झाली असतील तर ७१ आणि ३०. हे आकडे वाकबगार हातांचे आहेत. त्यांतून दोन गोष्टी समजतात. जितका उशीर तितकी आशा कमी. आणि नळी जुळणं वेगळं, मूल होणं वेगळं. नळी बंद राहिल्याने मागच्या बाजूला दाब वाढतो, त्यामुळे आत आणखी अडथळा तयार होऊ शकतो. काहींचं शरीर स्वतःच्याच शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. शिवाय बायकोचं वय असतंच.

जोडणी फसली की डॉक्टर दुसरा रस्ता सांगतात. वृषणातून सुईने शुक्रजंतू काढायचे आणि प्रयोगशाळेत एकेका स्त्रीबीजात एकेक शुक्रजंतू सोडायचा. या पद्धतीने पहिली मुलं १९९२ मध्ये जन्मली. तिचं कौतुक जरूर करा, पण ती घडते कुणाच्या शरीरावर ते बघा. त्याला एक सुई. तिला रोजची संप्रेरकांची इंजेक्शनं, पुन्हा पुन्हा सोनोग्राफी, भूल देऊन स्त्रीबीजं काढणं, गर्भ ठेवणं, आणि फसलं तर परत पहिल्यापासून. नस त्याची कापली होती, ती तशीच राहते आणि उपचार बाईचा सुरू होतो. बिजवराला दिलेल्या त्या मुलीच्या नशिबात हेच लिहिलं जातं आहे. तिला आणि तिच्या आईवडिलांना लग्नाआधी हे आकडे कुणी सांगितले असते, तर निर्णय कदाचित तोच झाला असता. पण तो तिचा झाला असता.

नस जोडायची वेळ नेहमी दुसऱ्या लग्नामुळेच येते असं नाही. मूल दगावतं. आपल्याकडे आजारपणात, अपघातात, पुरात मुलं जातात आणि गरिबांची जास्त जातात. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत मुलं गमावलेल्या आईबापांसाठी तामिळनाडू सरकारला नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया मोफत देण्याची घोषणा करावी लागली. त्या रांगेत मुख्यतः बायका असणार हे वेगळं सांगायला नको, कारण ऑपरेशनं त्यांचीच झालेली होती. अशा वेळी जोडणी मिळणं हा हक्क आहे आणि तो सरकारी रुग्णालयात मिळाला पाहिजे. पण ऑपरेशनच्या टेबलावर नेताना 'काळजी करू नका, पुन्हा जोडता येतं' असं म्हणणं हे आमिष आहे. नसबंदी कायमची समजूनच करायची. ज्याच्या मनात 'पुढे बघू' आहे, त्याला निरोध द्या, तिला तांबी किंवा गोळ्यांची माहिती द्या, पण नसबंदी करू नका.

सुई टोचून नळीत औषध सोडायचं आणि हवं तेव्हा धुऊन काढायचं, अशी एक पद्धत खरगपूरच्या आयआयटीतले डॉ. सुजय गुहा यांनी सत्तरच्या दशकापासून विकसित केली. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या, ३०३ पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भ न राहण्याच्या बाबतीत ते चांगले आहेत. परत पूर्ववत होण्याचे प्रयोग मात्र प्राण्यांवर झाले आहेत. तेव्हा वर्तमानपत्रातला मथळा वाचून कुणी वाट पाहत बसायला नको.

मैत्रिणींनो, आता आपण काय मागायचं? 'आता पुरुषांचे लक्ष्यांक वाढवा' असं आपण म्हणायचं नाही. एप्रिल १९९६ मध्ये सरकारने लक्ष्यांक काढल्याचं जाहीर केलं, तरी फेब्रुवारी २०२० मध्ये मध्य प्रदेशात पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांना 'निदान एक पुरुष नसबंदी आणा, नाहीतर पगार नाही' अशा अर्थाचं परिपत्रक निघालंच. ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. लक्ष्यांक आला की गरिबाची मान पकडली जाते, मग तो गरीब पुरुष असो की बाई. बाईवर जे झालं ते पुरुषावर व्हावं, ही आपली समता नव्हे.

आपण मागायचं ते हे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरुषांशी बोलणारा पुरुष समुपदेशक हवा. दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पुरुष नसबंदी पंधरवडा म्हणून साजरा होतो, फलक लागतात. पंधरा दिवसांचे फलक नकोत, वर्षभर ठरलेल्या दिवशी शस्त्रक्रिया करणारा प्रशिक्षित डॉक्टर हवा. वीर्य तपासणी गावाजवळ व्हावी आणि त्या दिवसाची मजुरी मिळावी. संमतीपत्र मराठीत असावं, वाचून दाखवावं आणि त्यात तीन महिन्यांची अट, अपयशाची शक्यता व जोडणीची अनिश्चितता स्पष्ट लिहिलेली असावी. ही माहिती बायकोलाही मिळावी, कारण संशय तिच्यावर येतो.

अजून एक गोष्ट दवाखान्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावू या. नसबंदीला जोडीदाराच्या संमतीची सक्ती नाही, असं केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी बाईला 'नवऱ्याची सही आणा' म्हणून परत पाठवतात. सही मागायचीच असेल तर तिच्याकडून निर्णयाची मागा, त्याच्याकडून परवानगीची नको.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं. लोक हसले, खटले झाले, तरी शरीराबद्दल स्वच्छ मराठीत बोलायचं त्यांनी सोडलं नाही. शंभर वर्षांनी आपल्या बैठकीत पुरुषाच्या शरीराचं नाव निघालं की आपण पदर तोंडाला लावत असू, तर ते काम अपुरंच राहिलं आहे.

या तिमाहीत प्रत्येक गटाने निदान एक बैठक या विषयावर घ्यावी, अशी माझी विनंती आहे. जमलं तर नवऱ्यांनाही बोलवा, आणि ज्याने नसबंदी करून घेतली आहे असा एखादा शेजारी बोलायला तयार असेल तर त्याच्याच तोंडून ऐकवा. आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: गेल्या वर्षात पुरुषांची किती ऑपरेशनं झाली, त्यांतल्या किती जणांची वीर्य तपासणी झाली, संमतीपत्र कसलं आहे. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आणि जे कळेल ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकाची पानं तुमच्या पत्रांसाठी राखून ठेवते आहे.